फळीवरचं पातेलं

४ मार्च

ताई,

'वन्सं' असंच लिहिणार होते, पण मागच्या वेळी त्यावर तुम्ही उत्तराऐवजी शिव्या पाठवल्या होत्या, म्हणून ताई.

हे फोनवर सांगता येण्यासारखं नाही. तुमच्या धरणावर रेंज मिळते ती टेकडीवर चढून हात वर केला तर, आणि इकडे आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला कान आहेत. ते कुणाचे, हे त्यांच्या मुलीला मी सांगायला नको. आत्ता दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन भोपळ्याला पाजून आले आणि कारखान्याच्या तळघराच्या पायरीवर बसून लिहितेय.

भोपळ्याच्या शीमध्ये रक्त येतंय. पहिल्यांदा वाटलं लंगोटाचा दोरा सुटलाय. लाल, बारीक, शेंबडासारख्या चिकट धाग्यात गुंतलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाजलं की पाय पोटाशी घेऊन किंचाळतो, धनुष्यासारखा मागे वाकतो. तीन महिन्यांचं लेकरू, आणि मी पाजलेलंच त्याला बाधतंय.

डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी प्रत्येकाने मला काही ना काही बंद करायला लावलं होतं. शेजारच्या काकूंनी कोबी, तुमच्या भावाने कांदा, आईंनी डाळी. माझ्या ताटात मीठ आणि पाणी उरायची वेळ आली होती. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, कोबी, कांदा, डाळी सगळं खा, पोटभर खा. बंद करायचं ते एकच, दूध. दूध, लोणी, चीज, दही, दुधाची भुकटी घातलेला पाव, सगळं. काही बाळांना गाईच्या दुधातलं प्रथिन सोसत नाही आणि ते आईच्या दुधातून त्यांच्या पोटात जातं. अंगावर पाजणं मात्र सोडू नका, म्हणाल्या. दूध बंद केलं की बहुतेक बाळं सुधारतात. नाही सुधारला आणि वजनही अडलं, तर मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासण्या कराव्या लागतील, कदाचित अंगावरचं तोडून डब्याच्या वेगळ्या दुधावर घालावं लागेल. ताई, मला ते नकोय. दिवसभर मी तळघरात असते, त्याचं माझं नातं सध्या तेवढंच आहे.

हे सगळं चालू असताना आई शेजारी बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर म्हणाल्या, "बाळंतिणीने दूध प्यायलं नाही तर तिला दूध येणार कुठून, नळाला?" डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

तुम्ही त्यांना ओळखता. ऐकतील ना त्या?

तुमची,
चवबाई

ता.क. एक चांगली बातमी राहिलीच. रजेवरून परत आल्या आल्या बोक्याने (आमचा साहेब, मिशा पाहिल्यात तुम्ही) मला मुख्य चाखणारी केलं. टेबलाच्या टोकाची खुर्ची आता माझी. शितावरून भाताची परीक्षा करायचा मला पगार मिळतो, असं तुम्ही म्हणायचात ते आता अधिकृत झालं.


९ मार्च

प्रिय चवबाई,

खुर्चीबद्दल अभिनंदन! बाकीचं वाचून पंपाखालून बाहेर आले आणि हात न पुसताच लिहायला बसले. कागदावरचे काळे डाग वंगणाचे आहेत.

भोपळ्याला रक्त येतंय हे दोनदा वाचलं. त्याचं बारसं मीच केलेलं, इतका गरगरीत होता म्हणून. घाबरू नकोस. बिघाड शोधायची आमच्याकडे एकच रीत आहे, एका वेळी एकच तार सोडवायची आणि मशीन चालवून बघायचं. दहा तारा एकदम सोडवल्या की बिघाड जातो, पण कुठे होता ते कळत नाही. तुझी डॉक्टरीणबाई हुशार आहे. एक तार सोड, थांब, बघ.

आता आईबद्दल. ऐकेल का विचारतेस? बाबांना डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. तू तेव्हा घरात नव्हतीस. दोन महिने बाबांचा रक्तदाब उतरेना. शेवटी मी पाहिलं तर आई त्यांच्या भाजीत चिमूटभर मीठ टाकत होती. विचारलं तर म्हणाली, "बिनमिठाचं जेवण म्हणजे माणसाला शिक्षा. मी का शिक्षा देऊ?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो हा.

प्रेमानेच करते सगळं. पण तिच्या पातेल्यावर लक्ष ठेव.

ताई


१५ मार्च

ताई,

लक्ष ठेवलं. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

दूध सोडून बरेच दिवस झाले. चहा कोरा पिते, पाव कोरडा खाते. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नाही. आणि तरी रक्त आहे! कालच्या लंगोटात तर आधीपेक्षा जास्त. वजन अडलंय. डॉक्टरीणबाईंनी तराजूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "नक्की काही दुधाचं खात नाही ना?" एखाद्या चोराला विचारावं तसं. मी म्हटलं, नक्की. छातीवर हात ठेवून म्हटलं.

मग परवा कामावरून घरी आले. आईंनी भाज्यांचं सूप पुढे ठेवलं. पहिला घोट घेतला आणि थांबले. दूध. अगदी अंधुक, जिभेच्या मागच्या बाजूला, पण दूधच. लोण्यात परतलेला कांदा असावा तसं काहीतरी. ताई, माझ्या जिभेवर अख्ख्या कारखान्याचा भरवसा आहे. डोळे बांधून मला चीज दिलं तर ते वरच्या फळीवरचं की खालच्या ते मी सांगते. बोका सहज हो म्हणत नाही, तो माझ्या जिभेला हो म्हणतो. माझी जीभ चुकत नाही.

मी विचारलं, "आई, यात काय घातलंय?" म्हणाल्या, "भाज्या." आणि पाठ फिरवली.

मग मी बघायला लागले. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, तांदळाच्या डब्यामागे, फडक्यात गुंडाळलेलं एक नवीन पातेलं आहे. माझ्या समोर ते कधी खाली येत नाही. मी अचानक आत गेले की झटकन झाकण. एकदा हात लावायला गेले तर केवढ्याने ओरडल्या, "त्याला शिवू नकोस!" का, विचारलं तर, "तुझ्या कामाचं नाही." शिवाय मी घरात पाऊल टाकलं रे टाकलं की आधी तोंड धू, चुळा भर, मगच पोराला घे. मी काय गटारातून येते?

तुमच्या आई माझ्या पोराशी हे का करतायत? मी रोज कामाच्या टेबलावर चीजची पंचवीस-तीस चाकं तपासते, गेल्या आठवड्यापासून जुनी चाकं सुरू झालीत. जुन्याची चव घशाखाली उतरल्याशिवाय समजत नाही, तिथे सगळं ध्यान लावावं लागतं. आणि ध्यान सगळं घरच्या पातेल्यात. चुकले तर खुर्ची जाईल. पण खुर्ची गेली तर जाऊ दे. भोपळा रडताना आता आवाज करत नाही, नुसतं तोंड उघडतो. ते मला बघवत नाही.

तुमचा भाऊ ट्रकवरून आला की दोन्ही डगरींवर हात. "ती तसं करणार नाही, पण तू म्हणतेस तर असेलही."

खरं सांगा. करतील त्या असं?

चवबाई


२० मार्च

प्रिय चवबाई,

तू 'आई'च्या आधी 'तुमच्या' लावलंस. लग्नानंतर पहिल्यांदाच. मला ते वाचताना कसंसंच झालं.

पण खोटं कशाला बोलू? करू शकते ती. बाबांचं मीठ मी विसरलेले नाही. तिला वाटत असेल सून वाळतेय, दूध आटेल, म्हणून चमचाभर लोणी. तिच्या हिशेबी ती नातवाला वाचवतेच आहे.

भांडू नकोस. तिला इकडे पाठव. धरणावरची हवा चांगली आहे, मी एकटी आहे, पंपांना तिच्या सूचना ऐकाव्या लागतील, एवढंच. 'ताईला बरं नाही' असं सांग. म्हणजे कुणाचाच मान जाणार नाही.

आणि तू जेव, बाई. अक्षर बघ तुझं, किती बारीक झालंय.

ताई


२६ मार्च

ताई,

तुमच्या आई आज सकाळच्या गाडीने निघाल्या. हे पत्र पोचेपर्यंत त्या तुमच्या ओट्याशी उभ्या असतील.

'ताईला बरं नाही' वगैरे काही झालं नाही. पुन्हा रक्त दिसलं, ओला लंगोट हातात घेऊन मी स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, "बघा. बघा तुम्ही काय खाऊ घालताय ते." तेवढ्यावर थांबले नाही. मी म्हटलं, "बाबांना मीठ घालत होतात ना? ताईंनी सगळं सांगितलंय मला." तुमचं नाव घ्यायला नको होतं, पण गेलं तोंडातून. जिभेला हाड नसतं.

त्या एकदम खुर्चीवर बसल्या. मला वाटलं आता ओरडतील. मी वाटच बघत होते ओरडण्याची. पण इतकंच म्हणाल्या, "तुला असं वाटतं?" मी हो म्हटलं. त्यांनी हातातला टॉवेल घडी घालून ठेवला, माझा कामाचा पांढरा कोट भिजत होता तो पिळून दोरीवर टाकला आणि पिशवी भरायला घेतली. भोपळ्याला उचललंही नाही. पाळण्याच्या कडेला हात ठेवून उभ्या राहिल्या फक्त. घराची किल्ली मात्र ठेवून गेल्या नाहीत. मी मागितली नाही. हक्क सोडायचा नसेल.

सध्या मी घरीच आहे. तळघराला चुना लावायला घेतलाय, पाडव्यासारखी लखलखीत सफाई हवीय बोक्याला, तेव्हा सगळ्यांना दोन आठवडे सुट्टी. पातेलं मी मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. उघडून पाहिलं नाही, मन झालं नाही.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाहीये.

चवबाई


१ एप्रिल

प्रिय चवबाई,

पोचली. पिशवी ठेवली आणि ओटा घासायला लागली. माझ्याशी मोजून बोलते. मिठाचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "तू सांगितलंस ते खरंच आहे," आणि भांडी विसळत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या नावाने तू बंदूक डागलीस ती मला लागली, तरी रागावले नाही तुझ्यावर. गोळी मीच भरून दिली होती.

निषेध मात्र चालू आहे. तुला माहीत आहे आईचा चहा, निम्मं दूध, त्यावर साय. इथे कोरा पिते! पावाला लोणी लावून दिलं तर लोणी खरवडून बाजूला केलं. 'बघा मी कशी सोसते' हे दाखवायचंय, दुसरं काय. रुसणं तिला चांगलं जमतं.

भोपळा कसा आहे ते ताबडतोब कळव.

ताई


८ एप्रिल

ताई!

रक्त थांबलं!

आधी कमी झालं, मग नुसता शेंबूड, आणि आता चार-पाच दिवस लंगोट स्वच्छ. पिवळी, साधी, सुंदर शी. शीला सुंदर म्हणायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पाजताना वाकत नाही, पिऊन झालं की माझ्या अंगावरच झोपतो. तराजूचा काटा हलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा, आता खरं दूध बंद झालं." मी मान खाली घातली, पण मनात म्हटलं, माझी जीभ बरोबर होती. तुमच्या आई गेल्या आणि पोर सुधारलं. यापेक्षा आणखी काय पुरावा हवा?

उद्यापासून तळघर उघडतंय. शेजारच्या काकू भोपळ्याला सांभाळतील, मी काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने पाजतील, दुपारी मी येऊन जाईन. रांधणार मीच. बोक्याने निरोप पाठवलाय की मोठे खरेदीदार येतायत, जुनी चाकं सगळी माझ्या हाताखालून जायला हवीत.

त्यांना रुसू दे. मी वाईट सून म्हणून जगेन. चालेल मला.

चवबाई


१४ एप्रिल

ताई,

रक्त परत आलं.

कसं ते कळत नाही. घरात दुधाचा थेंब नाही. मी माझ्या हाताने बटाटे उकडते, भात करते, मीठ घालून खाते, दुसरं काहीच खात नाही. काकूंना पुन्हा पुन्हा विचारलं, त्या आता माझ्याशी बोलायला घाबरतात. काल स्वतः उकडलेल्या बटाट्यालाही मला दुधाची चव लागली. स्वतःच्या बटाट्याला! मला वेड लागतंय का?

चक्कर येते. दूध कमी येतंय. भोपळा ओढतो आणि सोडून देतो. सोमवारी मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आणखी थांबता येणार नाही, डब्याच्या दुधाची तयारी ठेवा.

तुमच्या आई तर तुमच्याकडे आहेत. मग कोण घालतंय, ताई? कोण?

धरणाच्या जीपवाल्याच्या हाती हे पत्र देतेय. उत्तर त्याच्याच हाती द्या.


१५ एप्रिल

चवबाई,

जीपवाला खाली चहा पितोय, तेवढ्यात लिहिते. नीट वाच आणि बसून वाच.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने कोऱ्या चहाचा कप बाजूला सारला. मी म्हटलं, "आई, आता रुसवा पुरे, चहात दूध घे, तब्येत उतरलीय तुझी." तर म्हणते, "रुसवा कसला? तिला दूध बंद झालं त्या दिवसापासून मी सोडलंय. घरात दूध आलं की हात पातेल्यात जातो, चमचा इकडचा तिकडे होतो. आणि इथे सुरू केलं तर परत गेल्यावर हात आपोआप दुधाकडे वळेल."

परत गेल्यावर, म्हणाली ती.

मग पातेल्याचं विचारलं. ते तुझंच आहे, बाई. डॉक्टरीणबाईंकडून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने नवीन आणलं, कारण जुन्या भांड्यांत इतकी वर्षं दूध तापलंय. तुझं जेवण फक्त त्यात. कुणी चुकून दुधाचा हात लावू नये म्हणून फडक्यात गुंडाळून वर. मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "डॉक्टरीणबाईंसमोर एवढी भांडले होते. घरी येऊन लगेच तिचं ऐकलं म्हणून सांगू? सून हसली असती." बाबांच्या मिठाने तिला जन्माची अद्दल घडलीय, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण दोघींनी, आणि दोर मी वळून दिला.

आता माझ्या धंद्याचं सांगते. भिंत जिथे ओली दिसते तिथे गळती कधीच नसते. पाणी कुठून तरी वरून वाहत आलेलं असतं. म्हणून आम्ही ओल बघत बसत नाही, पाणी कधी चालू होतं आणि कधी बंद होतं ते बघतो. आई निघाली आणि रक्त थांबलं, बरोबर. पण त्याच दिवशी आणखी काय बंद झालं? तळघर. आणि रक्त परत कधी आलं? तळघर उघडल्यावर. त्यात आई इथे माझ्या ओट्याशी.

तू जुनी चाकं चाखताना थुंकतेस का? की घशाखाली उतरल्याशिवाय समजत नाही?

आई आत्ता पाठीमागून म्हणते, तुझ्या तोंडाला रोज चीजचा वास यायचा म्हणूनच ती चुळा भरायला सांगायची, पोराला तो वास सहन होणार नाही असं वाटायचं. एवढंच तिला कळलं होतं. पुढचं मलाही आत्ताच कळतंय.

जीपवाला हॉर्न वाजवतोय. धीर सोडू नकोस.

ताई


४ मे

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण आधी खात्री करायची होती. आणि दुसरं कारण, लाज.

खरं सांगू? तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा संतापच आला. मी कामावर एक कण खाल्ला नाही! आमच्या तळघरात पहिल्या दिवशी शिकवतात, इथे कुणी खात नाही, इथे फक्त चाखतात. खाणं म्हणजे चोरी. इतक्या वर्षांत मी तो नियम मोडलेला नाही, त्याचा मला अभिमान आहे. पोकळ सळई चाकात घुसवायची, फिरवून बाहेर ओढायची, आलेली कांडी हुंगायची, चुरायची, जिभेवर घोळवायची आणि बादलीत थुंकायची. जुनं असेल तर थोडं गिळायचं. ते गिळणं माझ्या लेखी खाणं नव्हतंच, ताई. ते काम होतं. रोज पंचवीस-तीस वेळा मी ते काम करत होते आणि घरी येऊन पावाच्या पाकिटामागची बारीक अक्षरं वाचत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं ते हे.

आणि माझी न चुकणारी जीभ! सुपाला दुधाची चव नव्हती. दूध माझ्याच जिभेवर होतं, दिवसभराचं. जे तोंडात घालीन त्याला तीच चव लागणार. त्या जिभेची साक्ष काढून मी आईंना घराबाहेर काढलं.

डॉक्टरीणबाईंना सोमवारी सकाळीच जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत काय खाता." मोठा दवाखाना त्यांनी पुढे ढकलला. अट एकच, चीजचा कण तोंडात नाही, आणि मी सगळं पोटभर खायचं, डाळी, भाज्या, मांस, अंडी, नुसते बटाटे नाहीत. बहुतेक बाळांना वर्षभराची होईपर्यंत दूध सोसायला लागतं, म्हणाल्या. तोवर धीर धरा.

बोक्याला सांगितलं. तो म्हणाला, "चाखणार नाहीस, मग काय करणार? चाकांना गोष्टी सांगणार?" खुर्ची शेजारच्या टेबलावरच्या बाईला दिली. आता मी लाकडी हातोडीने चाकं वाजवून बघते, आत भेग आहे का ते आवाजावरून कळतं. पगार तोच, मान कमी. पहिल्या दिवशी त्या खुर्चीत दुसरी बाई बसलेली पाहिली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग दुपारी घरी आले. भोपळा पोटभर प्यायला, दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळत होतं आणि तो झोपेत हसत होता. खुर्चीचं दुःख गेलं असं नाही, पण त्या वेळी आठवलं नाही.

लंगोट स्वच्छ आहे. बरेच दिवस. वजन भराभर वाढतंय, मांडीला पुन्हा वळ्या पडल्यात.

अंगणातून पातेलं आणलं, फडकं सोडलं. आत काही नव्हतं. घासून लख्ख केलेलं होतं, आणि एक नवा लाकडी चमचा. मी तिथेच खाली बसले.

आईंना हे वाचून दाखवा. आई, तुम्हाला ओला लंगोट दाखवला तो हात मला आता बघवत नाही. मी चुकले. माझ्यासाठी चहा सोडणारं माणूस घरात होतं आणि मी त्याच्या पातेल्याची झडती घेत होते. माफ करा असं लिहायलाही तोंड नाही, तरी लिहिते. माफ करा.

चवबाई


९ मे

सूनबाई,

मुलगी म्हणाली माझ्या पत्रात चार ओळी लिही. मी म्हटलं, माझा कागद वेगळा दे.

तुझं पत्र तिला मोठ्याने वाचायला लावलं. चष्मा होता माझ्याजवळ, पण मला मधून मधून डोळे पुसायचे होते.

राग गेलेला नाही. ते मी तिथे आल्यावर बघीन, इतक्या लांबून नीट रागावता येत नाही. तू लंगोट समोर धरलास त्याचं मला फारसं वाटलं नाही, घाबरलेली बाई हातात असेल ते समोर धरते. 'तुला असं वाटतं?' विचारल्यावर तू विचार न करता हो म्हणालीस, ते लागलं. पण मी तरी पातेलं लपवलंच ना. समोर ठेवलं असतं तर माझं नाक कापलं जाणार होतं थोडंच? डॉक्टरीणबाई बरोबर होती, एवढं म्हणायला मला इतके दिवस आणि एक धरण लागलं. हे तिला सांगू नकोस.

कोट घरी धुऊ नकोस, कामावरच ठेवून येत जा. चुळा भरतेस ना?

शनिवारच्या गाडीने निघते. पातेलं पुन्हा फळीवर चढवलं असशील तर खाली काढ, शेगडीजवळ राहू दे, सगळ्यांना दिसेल असं. मी पोचेन तेव्हा पोराची प्यायची वेळ असेल. त्याला सोडून दार उघडायला उठू नकोस. किल्ली मी नेली होती ती त्याचसाठी.

आई